मधली दोन मिनिटं

“कबूल करायचंच असेल तर करा, पण काय कबूल करताय ते आधी मला वाचून दाखवा.”

वकीलबाई हे म्हणाल्या तेव्हा टँकरवाला खुर्चीच्या कडेवर बसला होता, उठायच्या तयारीत. झेरॉक्सच्या दुकानावरची खोली. खाली यंत्र चाललं की टेबलावरचं भिंग थरथरायचं. बाई साडीवर कॅनव्हासचे बूट घालत. कोर्टाचे जिने आणि त्यांचे गुडघे यांचं जुनं वाकडं होतं.

टँकरवाल्याला सकाळी नाक्यावर थांबवून यंत्रात फुंकायला लावलं होतं. दारूचा आकडा आला. दारू पिऊन गाडी चालवल्याचा गुन्हा लागला, परवाना जप्त झाला. परवाना गेला तर टँकर जाणार, आणि बावीस वर्षांत त्याने टँकरखेरीज काही हातात धरलं नव्हतं.

“डेपोतला मिस्त्री म्हणतो, कबूल कर, दंड भर, मोकळा हो.”

“मिस्त्रीचा परवाना जाणार आहे का?”

त्याची बायको खुदकन हसली आणि लगेच गप्प झाली. तिनेच त्याला ओढून आणलं होतं.

तो पोलिसांनी दिलेला कागद अडखळत वाचू लागला. “थांबवल्याची वेळ, नऊ वाजून दहा. तपासणीची वेळ, नऊ वाजून बारा.”

“परत वाचा.”

त्याने परत वाचलं. बाईंनी भिंग त्या आकड्यांवर धरलं. किती वेळ, कोण जाणे. टँकरवाल्याने तो कागद दहादा उघडून मिटला होता, पण इतका वेळ त्याच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. आपल्या आयुष्याकडेही नाही, असं त्याला वाटून गेलं.

“तोंडात काय होतं?”

“काही नाही.”

“अहो, सांगा की!” बायको उसळली. “दाढ ठणकत होती यांची. ब्रँडीत भिजवलेला कापूस मीच दिला, दाढेखाली धरायला. दुपारी शेवटी उपटलीच.”

“दवाखान्याची चिठ्ठी आहे?”

“आहे.”

“मग पोलिसाला का नाही सांगितलंत?”

टँकरवाला पायाकडे बघत म्हणाला, “पोलीस दिसला तसा कापूस थुंकला. आमच्याकडे दुखणं सांगितलं की गाडी दुसऱ्याला देतात. बावीस वर्षं कुणी विचारलं की मी ठणठणीत.”

बाईंनी चिठ्ठी मागून घेतली. तुम्ही प्यायला होतात का, हे मात्र विचारलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

कोर्टात त्यांनी चिठ्ठी आधीच दाखल केली होती. बायकोने कापसाचं सांगितलं. मग नाक्यावरचा हवालदार उभा राहिला.

“थांबवल्यावर किती वेळाने फुंकायला लावलंत?”

“लगेच. कागदावर आहे.”

“यंत्राबरोबरची पुस्तिका आणलीय ना? आठव्या पानावरची तिसरी ओळ वाचा.”

हवालदाराने वाचलं. तोंडात दारूचा अंश राहिलेला असू शकतो, म्हणून तपासणीआधी पंधरा मिनिटं थांबावं.

“थांबलात?”

“नाही.”

“पुन्हा फुंकायला लावलंत? रक्त तपासलंत?”

“गर्दी होती, बाई.”

दुसरा कुणी वकील आता तुटून पडला असता. बाई खाली बसल्या. न्यायाधीशांनी पुस्तिका मागवली आणि ती ओळ स्वतः वाचली, बोट ठेवून. टँकरवाला मान उंचावून बघू लागला. एवढ्या मोठ्या दालनात सगळे मिळून दोन मिनिटांकडे बघत होते, आणि ती दोन मिनिटं त्याची होती.

तो सुटला. परवाना परत द्यायचा हुकूम झाला.

बाहेरच्या व्हरांड्यात मिस्त्री पुढे आला. “बाई, तुमचा नंबर देऊन ठेवा. मी तर खरंच पिऊन चालवतो.”

“तुम्ही चालत जात जा,” बाई म्हणाल्या.

सगळे हसले. टँकरवाला हसला नाही. हुकुमाची प्रत हातात घट्ट धरून तो बाईंच्या जवळ गेला.

“बाई, खरं सांगा. मी प्यायलो नव्हतो, यावर तुमचा विश्वास होता ना?”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. कागदाकडे बघत तसंच, ओळ न ओळ. मग बगलेतली फाईल सावरली आणि त्या व्हरांडा ओलांडून फाटकाबाहेर निघून गेल्या.