धूर गेल्यावर

ओवा-वावडिंगाच्या धुरीचा वास आला की मला हातखंब्याच्या आमच्या घरातली ती दुपार आठवते. धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला मुंबईहून माहेरी आली होती. वारा लागू नये म्हणून खोलीची खिडकी बंद होती आणि बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी होती. बाळ निजलं होतं, पण ती उशीला टेकून बसूनच होती. "आये, आडवी झाले की जीव कोंडतो," ती म्हणाली. आई म्हणाली, "मुंबयत ऱ्हावून धुराची सवय गेली गो तुझी." शेजारची काकू तिच्या सुजलेल्या पावलांकडे बघून म्हणाली, "डिंकाचे लाडू पायात उतरले वाटतं." बहीण हसली आणि तेवढ्यानेच तिला धाप लागली. मी शेगडी उचलून पडवीत ठेवली, खिडकी उघडली. धूर गेला, पण तिचा श्वास तसाच वरवर चालू राहिला. "अशक्तपणा असेल," काकू म्हणाली, आणि ते आम्हाला पटलं. दुसऱ्या दिवशी धाप वाढली, आणि रत्नागिरीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत ती गेली. गरोदरपणामुळे कधीकधी हृदय कमजोर होतं, बाळंतपणानंतरही होऊ शकतं, आणि अशी धाप, अशी सूज वेळेत ओळखली तर उपचार असतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. आईने विचारलं, "हे आधी कोण सांगतं?" आता कुणाकडे बारशाला गेले, की मी बाळाआधी त्याच्या आईजवळ बसते आणि तिला आडवं झोपता येतं का, ते विचारते. बायका हसतात. उत्तर मिळेपर्यंत मी उठत नाही.