पांढऱ्या तळ्याची कॅसेट

आम्ही पाचोड सोडलं ते बाजाराच्या दिवशी, सकाळी. वाळलेली मोसंबीची बाग महिनाभर आधीच तोडून झाली होती. टेम्पोत पत्र्याच्या दोन पेट्या, धान्याची कोठी, स्टोव्ह, आई, धाकटा भाऊ आणि मी. दादा, म्हणजे माझे वडील, ड्रायव्हरशेजारी बसले. भेटेल त्याला ते एकच वाक्य सांगत होते, ‘एक पाऊस चांगला झाला की माघारी येतो.’ जमीन दोघा भावांची होती. धाकट्याने वाळूजच्या एमआयडीसीत जायचं, थोरल्याने मागे राहायचं, असं ठरलं होतं. थोरल्या काकांची शोभा, माझी अक्का, निरोपाला आली नाही. टँकर आला होता आणि ती रांगेत उभी होती. टेम्पो जवळून गेला तेव्हाही नंबर जाईल म्हणून ती जागची हलली नाही. तिथूनच तिने मला विचारलं, ‘सुने, येशील ना?’ मी दहा वर्षांची होते, ती तेरा. मी मान हलवली. तिला ती दिसली की नाही, माहीत नाही.

पाचोडात त्या काळी एकच व्हीसीआर होता. खताच्या दुकानदाराचा भाऊ आखातात होता, त्याने तो पाठवला होता, आणि सोबत मुलांसाठी कार्टूनची एक कॅसेट. लाइन असेल त्या दुपारी आम्ही वीसेक पोरं दुकानामागच्या गोदामात युरियाच्या रिकाम्या पोत्यांवर बसून ती एकच फिल्म पाहायचो. टेप इतकी झिजली होती की चित्राची वरची कड कायम वाकडी. फिल्म इंग्रजी होती. इंग्रजी कुणालाच येत नव्हतं, म्हणून टीव्हीशेजारी अक्का बसायची आणि सांगायची.

हंसांचा एक थवा तळ्यावर राहतो. एके दिवशी तळं पांढरं पडतं. हंस चोच मारतात, चोच आत जात नाही. थवा उडून जातो. पंख दुखावलेलं एक पिल्लू तेवढं मागे राहतं, एका म्हाताऱ्या सशाबरोबर.

‘तळं आटलं बगा,’ अक्का सांगायची. ‘पाणी नाय म्हणून चालली समदी.’

आटलेल्या तळ्याच्या बुडाशी पांढरा खार फुटतो, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलेलं होतं. शंका घ्यायचं कारण नव्हतं. पुढे पिल्लू आणि ससा पांढरी जमीन उकरायचे. ती विहीर होती. शेवटी तळ्यात पाणी दिसायचं आणि थवा परतायचा, कारण पाणी लागल्याचा निरोप मागे राहिलेल्यांनीच धाडलेला असायचा. तपशील दर वेळी बदलायचे. एकदा ससा ग्रामसेवक होता आणि विहीर मंजूर करायला लई दिवस लावत होता. त्या दिवशी दुकानदारही दारात उभं राहून हसला होता.

वाळूजला आमच्या खोलीमागे ज्वारीचं रान होतं. वर्षभरात तिथे चुन्याच्या रेषा पडल्या आणि प्लॉट झाले. पाऊसही झाला, पुढच्याच वर्षी, आणि चांगला झाला. तोवर दादा कंपनीत पर्मनंट झाले होते. माघारी जायचा विषय कुणी बंद केला नाही, तो निघायचाच बंद झाला. पाचोडला राहिलेल्यांनी आमची किती वाट पाहिली, हे आम्ही विचारलं नाही. टेम्पोतून वाळूजला उतरलेल्या कुठल्याच घरात ते विचारत नसत.

त्याच वर्षी औरंगाबादला, सिडकोत, एका मैत्रिणीच्या घरी ती फिल्म पुन्हा दिसली. व्हिडिओ लायब्ररीतली, स्वच्छ कॅसेट. मी उत्साहाने अक्काची गोष्ट सांगायला लागले. मैत्रिणीचा भाऊ इंग्रजी शाळेतला. ‘अरे, ये तो बर्फ है,’ तो म्हणाला, आणि सगळे बराच वेळ हसले. घरी येऊन मी अक्काला इनलँड लिहिलं. तो बर्फ आहे. थंडीत तिकडची तळी गोठतात. पक्षी दर वर्षी जातात, दर वर्षी येतात. त्यांना कुणी निरोप पाठवत नाही. पिल्लू विहीर खोदत नव्हतं, खायला शोधत होतं. शेवटी लिहिलं, तू चुकीचं सांगत होतीस.

उत्तर आलं नाही. उन्हाळ्यात गेले तेव्हा गोदामात पोरं जमली होती. अक्का मागच्या पोत्यावर बसली. ‘तू सांग,’ ती म्हणाली. ‘तुला कळतंय आता.’ मी बरोबर सांगितलं. निम्म्या फिल्मला अर्धी पोरं उठून गेली होती. अक्काही त्यांच्यात होती.

नंतर मी वर्तमानपत्रात लागले. भाषांतराच्या डेस्कवर एकच शिस्त असते, मुळात नाही ते घालायचं नाही. वाळूज, सिडको, पुणे, हैदराबाद, पुन्हा पुणे. सात घरं झाली. दोन खोकी तीन घरांपासून उघडलेली नाहीत. फिल्म आता फोनवर मिळते. मी ती तीनदा पाहिली. बर्फ स्पष्ट दिसतो, आणि फिल्म तासाभरात संपते.

गेल्या महिन्यात पाचोडला, गावातच दिलेल्या अक्काच्या घरी गेले. दुपारी ओसरीवर त्या पत्राचा विषय मीच काढला. अक्का म्हणाली, तिला आठवत नाही. मग फोन माझ्या हातातून घेतला, आवाज बंद केला आणि नातवंडांना जवळ बोलावलं.

‘बर्फ हाय हे,’ ती माझ्याकडे न बघता म्हणाली. ‘तर थवा गेला शहराकडं. येक कंपनीत लागला. येक हंसीण पेपरात लागली. तिथं बसून दुसऱ्याच्या चुका काढती.’

पोरं माझ्याकडे बघून हसायला लागली. धाकट्या नातीने विचारलं, ‘मग ती माघारी येती का नाय?’

‘येती की. पण टेकत नाय. पंख उघडेच ठिवती.’

माझी बॅग मांडीवर होती. चारची गाडी फाट्यावर यायला अर्धा तास होता. घरचा पत्ता विचारला की मी पुण्याचा लिहिते, आणि त्यात चूक काही नाही. पण मी नसताना माझी गोष्ट एकाच ओसरीवर चालू असते, हे मला त्या दुपारी कळलं. अक्का थांबली होती.

‘मग पुढं?’ मी विचारलं.