दोन्हीकडे एकेक भाकरी

"लिखी ले भाऊ, मनी पाळी बंद व्हई गई शे," मोठी मामी जिमच्या ट्रेनरला सांगत होती. फॉर्मवर 'काही त्रास?' असा रकाना होता. त्याचं पेन थांबलं. मी कूलरवरची सूचना मन लावून वाचू लागले. जळगावात मोठ्या मामीइतकी निःसंकोच बाई दुसरी नसेल, आणि इंग्रजी येतं म्हणून तिच्यासोबत माझी नेमणूक झालेली. तो शब्द मला इंग्रजीतही मोठ्यानं म्हणता येत नाही.

जिमचं मूळ कारण कानबाई. श्रावणात मामीच्या शिंदखेड्याकडच्या घरी देवी बसते आणि दुसऱ्या दिवशी घरच्या बाईनं तिचा चौरंग डोक्यावर घेऊन नदीपर्यंत पोचवायचा असतो. तीस वर्षांत निम्म्या वेळा नेमकी पाळी आडवी आली आणि मान धाकट्या जावेला गेला. म्हणून पाळी थांबली तेव्हा मामीनं चक्क पेढे वाटले. "आता कोण अडवतं?" अडवलं हातांनी. त्याच श्रावणात वेशीपाशी ते थरथरले आणि चौरंग जावेनं सावरला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या वयात हाडं ठिसूळ होतात, स्नायू झिजतात. वजन उचलायला लागा. मामी म्हणाली, "मग इतकी वर्षं दळण, पाणी, सिलिंडर उचललं, तो काय कापूस होता?"

पण गेली. मामांची ट्रॅकपँट, वर साडी, डोक्यावर पदर. लोखंडी चकत्यांना ती भाकरी म्हणायची. "भाऊ, आज दोन्हीकडे एकेक भाकरी वाढ!" ट्रेनर "ब्रीद आउट" म्हणे, मी पुटपुटे, "मामी, श्वास सोड," आणि ती सगळ्या जिमला ऐकू जाईल असं ओरडे, "मोठ्यानं बोल ना वं, तुले कोन मारी ऱ्हायनं?" घरी दूध तापेपर्यंत उठाबशा. आलेल्या पाहुणीचा दंड चाचपून "यात काही नाही" असा निकाल चहाच्या आधी.

यंदा चौरंग तिनं एका दमात उचलला. वेशीपाशी मात्र थबकली. मागून कुणीतरी म्हणालं, "थकनी बिचारी. वय व्हयनं. लहानीले दे." जावेनं हात पुढे केले. मामीचे हात थरथरत नव्हते. मामी घाबरून श्वास धरून उभी होती. पदराखालचे पांढरे केस घामानं कपाळाला चिकटले होते. आयुष्यभर सगळ्यांदेखत बोलणारी ही बाई गप्प होती आणि माझ्याकडे बघत होती.

"पाळी गेलीय तिची, ताकद नाही गेली!" मी म्हणाले. ढोलवालासुद्धा थांबला. "मामी, श्वास सोड."