वाल सोलून झाल्यावर सांगते

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते वाल सोलायचं. कडवे वाल, मोड आलेले, कोमट पाण्यात टाकलेले. मध्ये परात, ती भिंतीला टेकून, मी समोर. चिमटीत धरून दाबलं की दाणा सालीतून सटकतो. तिच्या हातून तो परातीत पडायचा, माझ्या हातून टीव्हीच्या मागे.

"अहो, वाल सोलताय की गोट्या खेळताय?"

हे ती लग्न झाल्यापासून म्हणत आलेली. त्या दिवशीही म्हणाली.

नात आमच्याभोवती येरझाऱ्या घालत होती. तिच्या इंजिनीअरिंगचं चाललेलं. घोडबंदर रोडच्या एका खासगी विद्यापीठाने तिला कॉम्प्युटरची जागा देऊ केलेली. काचेची इमारत, एसी वर्ग, न्यायला-आणायला बस. आणि सरकारी प्रवेशाच्या फॉर्मात तिने सगळ्यात वर टाकलेलं ते देशावरचं एक जुनं सरकारी कॉलेज, तिथलं मेकॅनिकल. त्याची यादी अजून लागायची होती. डोंबिवलीहून तिथे जायचं तर रात्र एसटीत काढायची आणि मग होस्टेलातच राहायचं.

मुलगा म्हणत होता, कॉम्प्युटर. सून म्हणत होती, घराजवळ. मी सातवी शिकलेला माणूस, वागळे इस्टेटला लेथवर उभं राहून जन्म काढलेला टर्नर. नात मेकॅनिकल म्हणाली तेव्हापासून माझे पाय जमिनीवर नव्हते. आणि ती लांब जाणार म्हटलं की तेच पाय गळायचे. त्यामुळे मी धड कुणाच्याच बाजूला नव्हतो.

नात आजीसमोर बसली. "आजी, तूच सांग. तुझं म्हणणं फायनल."

खोटं नव्हतं ते. फ्रिज कुठल्या रंगाचा इथपासून मुलाला बायको कुठली इथपर्यंत आमच्या घरात शेवटचा शब्द तिचाच.

"थांब गं. एवढे वाल सोलून होऊ देत, मग सांगते."

"आत्ता सांग ना!"

"आत्ता सांगितलं तर तुझा आजोबा हातातलं टाकून उठेल. मग हे कोण सोलणार?"

अर्धे झाले असतील. पाठीत कळ आली, म्हणाली, जरा पडते. ती पडली ती पडलीच. संध्याकाळी हॉस्पिटलातून घरी आणली ती जमिनीवर ठेवायला. याच्यावर मी जास्त लिहीत नाही. ज्याची गेली त्याला माहीत आहे आणि ज्याची आहे त्याला सांगून कळत नाही. परात शेजारणीने उचलली. उरलेल्या वालांचं तिने काय केलं, मी विचारलं नाही.

यादी लागली ती सुतकातच. घरात भेटायला माणसं बसलेली, नात मोबाइल घेऊन बाथरूममध्ये गेली आणि आतून किंचाळली. आम्हाला वाटलं, पडली. बाहेर आली ती तोंडावर हात आणि डोळे हे एवढे. सरकारी कॉलेज. मेकॅनिकल. मिळालं!

सुतकाच्या घरात हसावं की नाही, कुणाला कळेना. एक बाई पदर डोळ्याला लावून बसलेली, तिने तो खाली घेऊन विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "नात इंजिनीअर झाली!" आणि मीच मोठ्याने हसलो. बाई माझ्याकडे बघतच राहिली. तिला वाटलं असणार, म्हातारा कामातून गेला.

पण सरकारी जागा घ्यायची तर दहाव्याच्या दिवशी दुपारच्या आत मोबाइलवर तसं कळवायचं, नाहीतर ती गेली. घोडबंदरवाल्यांनाही त्याच दिवशी उत्तर पाहिजे होतं. आणि आता घरात नवीनच सूर लागला. आबा एकटे पडले. पोरीने जवळ राहावं. जो येईल तो हेच बोलायचा, माझ्यासमोर, मी भिंत असल्यासारखा. पोरगीही ढिली पडली. "ठाण्याचं पण चांगलंय तसं," असं पडल्या आवाजात म्हणायला लागली. आणि बोलणं कुठूनही सुरू झालं तरी येऊन एकाच ठिकाणी थांबायचं. आजी काय म्हणाली असती?

दहावा कल्याणला, खाडीवरच्या घाटावर. पूर्वी आमच्याकडे पोरी घाटावर येत नसत. नात आली. कुणाची हिंमत होती तिला नको म्हणायची.

पिंड ठेवला. कावळा शिवला म्हणजे माणूस सुखाने गेलं, नाही शिवला तर मनात काहीतरी राहिलंय, असं आमच्यात धरतात. मग नातेवाईक हात जोडून एकेक वचन देत सुटतात. ज्या वचनाला कावळा येईल ती गेलेल्याची इच्छा.

कावळे कठड्यावर ओळीने बसलेले. एक हलेना.

मुलगा पुढे झाला. नुकतं डोकं केलेलं, अंगावर ओला पंचा. "आई, तिला जवळच ठेवतो. कॉम्प्युटरला घालतो. तू काळजी करू नकोस."

पुढच्या कावळ्याने कठड्यावर चोच घासली आणि तोंड फिरवलं.

"अरे, ताईला पोरीला पाठवायचं असेल!" माझी मेव्हणी म्हणाली. बायकोची धाकटी बहीण ती, आवाज घाटभर जाणारा. "ताई, पाठवू गं पोरीला होस्टेलला! ये!"

कावळ्याने एक उडी मारली. पुढे. नातीने माझा दंड धरला. आणखी एक उडी. मग तो वळला आणि शेजारच्यांच्या पिंडाजवळ जाऊन नुसताच बसला.

"बघ, अर्धी इच्छा आहे," मेव्हणी म्हणाली.

"मावशी, अर्धी म्हणजे काय? निम्मं कॉलेज?" मुलगा म्हणाला.

"तुझं कॉम्प्युटर ऐकून तर त्याने ढुंकूनही पाहिलं नाही!"

गुरुजी माझ्या कानाशी आले. "काका, पुढची मंडळी खोळंबलीयेत. दर्भाचा कावळा करून शिववू का?"

"आबा, वेळ संपत आलाय," नात दुसऱ्या कानात.

खरं सांगतो, मला तेव्हा रडू येत नव्हतं. मॅचच्या शेवटच्या ओव्हरला बसल्यासारखं छातीत धडधडत होतं. आणि एकदम डोक्यात आलं, अरे, ही बाई जन्मात कधी खरकटं भांडं ठेवून झोपली नाही. हिला कुठलं कॉलेज न् काय! हिचे वाल राहिलेत.

मी पुढे झालो. हात जोडले नाहीत. बायकोला कोण हात जोडतं?

"अगं, वाल मी सोलतो. सगळे. टीव्हीच्या मागे एक दाणा जाणार नाही. ये आता, लोक थांबलेत."

आला. उड्या नाहीत, काही नाही, सरळ येऊन पिंडावर बसला आणि चोच मारली.

मेव्हणीने तोंडात पदर कोंबला. मग तो काढून म्हणाली, "भावोजी, पण मग कॉलेजचं काय?"

"कॉलेजचं ती काही बोललेली नाही. आणि कावळ्याला काय कळतंय मेकॅनिकल? जिला शिकायचंय तिला विचारा."

सगळ्यांनी नातीकडे बघितलं. तिने माझ्याकडे.

"आबा, मी गेले तर तुम्ही..."

"मी काय? मी वाल सोलणार. वचन दिलंय, सगळ्यांनी ऐकलंय. तू राहून काय मदत करणार? तुला साधा लसूण सोलता येत नाही." ती रडता रडता हसली. "माझ्यासाठी राहिलीस तर रोज तुझं तोंड बघून वाटेल, ही माझ्यामुळे अडकली. मला नको ते. तुला काय पाहिजे?"

"मेकॅनिकल."

"ऐकू आलं नाही."

"मेकॅनिकल!"

गुरुजी दचकले. पाठोपाठ म्हणाले, "स्कोप आहे हो अजून मेकॅनिकलला."

नातीने तिथेच पायरीवर बसून मोबाइलवर बोटं चालवली. पण ओटीपी येणार तिच्या बापाच्या मोबाइलवर, आणि तो माझ्याकडच्या पिशवीत, त्याच्या शर्टपँटमध्ये गुंडाळलेला. पिशवीतून टिंग झालं. मी मोबाइल काढून त्याच्या हातात दिला. तो नुसता बघत उभा.

"वाच," मी म्हटलं.

"बाबा, ती एकटी राहील तिकडे."

"मी पण गावाहून ठाण्याला एकटाच आलेलो. तेव्हा कावळ्याला विचारलेलं नव्हतं."

"पप्पा, तो नंबर जाईल!" नात ओरडली.

त्याने तिच्याकडे बघितलं. लहानपणी शाळेत सोडताना बघायचा तसं. मग वाचायला लागला. एकेक आकडा, सावकाश, मघाशी गुरुजींच्या मागून मंत्र म्हणत होता त्याच आवाजात. शेवटचा आकडा त्याने दोनदा वाचला. नातीने बटण दाबलं. चाक गोल गोल फिरत राहिलं, आमच्या सगळ्यांची डोकी त्या एवढ्याशा काचेवर वाकलेली, गुरुजींचंसुद्धा. आणि हिरवी खूण आली.

मेव्हणीने अशी आरोळी ठोकली की कठड्यावरचे सगळे कावळे उडाले. शेजारची मंडळी आमच्याकडे रागाने बघायला लागली. त्यांचा पिंड अजून शिवायचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर उठायच्या आधी मी स्वयंपाकघरात गेलो. वालांचा डबा सापडायला वेळ लागला, तो तांदळाच्या डब्यामागे होता. मोठ्या पातेल्यात वाल ओतले. पाणी किती, ते माहीत नव्हतं. बुडून वर बोटभर येईल एवढं घातलं आणि झाकण ठेवलं. मग बाहेरच्या खोलीत येऊन टीव्ही भिंतीपासून पुढे ओढला, आणि मागे त्या दिवशीचे दाणे वाळून पडलेले ते वेचायला बसलो.