जाळी कोणी बांधायची

माझी मामी शिडी धरायला म्हणून मामाच्या धंद्यात आली आणि बघता बघता शिडीवर चढली. आता मामा पॅनलमध्ये वीज आणतो आणि मामी तिथून केबल ओढत शेवटच्या डब्यापर्यंत नेते. डबे म्हणजे कंट्रोल मॉड्यूल. शीतगृहात प्रत्येक खोलीच्या दारावर एक असतो, आतली थंडी सांभाळणारा, आणि सगळे एकाच केबलवर ओळीने जोडलेले असतात. मी त्यांची भाची. लॅपटॉप घेऊन बसते आणि कोणता डबा बोलतोय, कोणता गप्प आहे ते सांगते. कष्ट त्यांचे, खुर्ची माझी.

मामीच्या कामाला नाव ठेवायला जागा नसते. प्रत्येक डब्यात ती केबलचा वीतभर वेढा जास्तीचा सोडते, उद्या कुणाला टोक पुन्हा कापावं लागलं तर तोकडं पडू नये म्हणून. घरी चमच्यांच्या खणात तिची वायर सोलायची पक्कड असते. पाहुण्यांनी चमचा म्हणून ती बाहेर काढली की मामीला हसू आवरत नाही.

दोघांची एक जुनी रीत आहे. केबलच्या आत तारांभोवती बारीक जाळी असते, मोटारींचा विजेचा गोंगाट अडवणारी. ती एकाच टोकाला अर्थिंगला बांधायची. दोन्हीकडे बांधली तर जाळीतूनच नको तो करंट फिरतो. म्हणून ज्याचं टोक आधी तयार होईल तो जाळी बांधतो आणि ओरडतो, "बांधली!" दुसरा आपल्याकडची कापतो, टेप गुंडाळतो आणि ओरडतो, "सोडली!" बस, झालं.

या शीतगृहाच्या कामात मात्र दोघांचा अबोला होता. चूक मामाची, हे मी त्याची सख्खी भाची असून सांगते. दूर राहणाऱ्या त्यांच्या मुलाने "आता इकडेच राहायला या" म्हटलं आणि मामाने परस्पर ठेकेदाराला सांगून टाकलं, हे आमचं शेवटचं काम. मामीला ताकास तूर लागू दिली नाही. तिला कळलं ते ठेकेदाराच्या तोंडून.

"मामी, आता काय, आरामच आराम!"

"मला कुणी विचारलं?" एवढं बोलून ती शिडीवर चढली, ती मूग गिळूनच. तिचं उतरलेलं तोंड बघून मला मामाचा असा राग आला! या कामाशिवाय ती काय करणार होती? मुलाच्या घरात खुर्चीवर बसून राहणार?

काम संपलं. वीज दिली, सगळे डबे बोलले. मग मोठे कॉम्प्रेसर सुरू केले आणि माझ्या पडद्यावरचे डबे पटापट गप्प व्हायला लागले. कॉम्प्रेसर बंद केले की परत हजर. मामाने व्होल्टेज तपासलं, ठीक. मामीने एकेक जोड ओढून पाहिला, पक्का. माझ्या डोक्यात प्रकाश पडला, पण उशिरा. मामाच्या पॅनलमध्ये पाहिलं, जाळी बांधलेली. लांबलचक बोळ चालून मामीच्या शेवटच्या डब्यात पाहिलं, तिथेही बांधलेली.

"अरे, दोघांनीही बांधलीय!"

पलीकडून हाक आली नाही, म्हणजे बांधली नसणार, असं दोघांनी धरलं होतं. आणि आपण आधी ओरडलो तर आपण आधी बोललो असं झालं असतं! हसावं की रडावं मला कळेना. तशीच मामाकडे परत आले.

मामाने आपल्याकडची जाळी कापली, टेप लावली आणि ओरडला, "सोडली!"

बोळाच्या त्या टोकाला मामी शिडीवरच होती. "आणि ठेकेदाराला काय सांगितलंत, त्याचं काय?"

मामाने खिशातून फोन काढून ठेकेदाराला लावला. "हां, मीच बोलतोय. शेवटचं काम म्हणालो ना, ते मी तिला न विचारता बोललो. चुकलं माझं. पुढचं तिलाच विचारा."

जरा वेळाने पलीकडे मामीचा फोन वाजला. रिकाम्या बोळात तिचा शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"हो, घेते की. माणसं? एक आहे माझ्याकडे. गुडघे दुखतात त्यांचे, पण खालची कामं करतील."

मामाने पॅनलचं दार लावलं. "इतकेही दुखत नाहीत," तो मला म्हणाला आणि तिची शिडी धरायला गेला.