तराजूची चिठ्ठी

निजामाच्या अमदानीत गुलबर्ग्याला ऊन कसं पडायचं हे आजच्या लोकांना सांगून पटत नाही. दुपारी कावळे उडायचं सोडून सावलीसावलीनं पायी चालत जायचे. आमच्या वसतिगृहाच्या शहाबादी फरशीवर आचारी एकदा थापलेली भाकरी विसरून गेला, तर ती तिथंच टम्म फुगली. मी स्वतः खाल्लेली आहे, थोडी कच्ची होती. अशा उन्हात गळ्यापर्यंत बटणं लावून काळी शेरवानी घालायची आणि उर्दूतून तर्कशास्त्र शिकायचं, हे ज्यानं केलं त्याला पुढं आयुष्यात कशाचं भ्याव वाटत नाही.

मी हळ्ळीखेडचा, शेतकऱ्याचा पोर. माझ्या खोलीतला जोडीदार मन्नाएखेळ्ळीचा, म्हणून आम्ही त्याला खेळ्ळीवालाच म्हणायचो. त्याच्या वडिलांचं सडकेला लागून भुसार मालाचं दुकान. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, आणि डोकं असं चालायचं की गणिताचे मास्तर फळ्यावर प्रश्न लिहीपर्यंत याच्या उत्तराची शाई सुकून जायची. तो कानडीतून विचार करायचा, उर्दूतून पेपर लिहायचा आणि शिव्या मराठीतून द्यायचा. त्याच्या मते त्या कामाला हीच भाषा टिकाऊ.

पहिल्या वर्षाच्या परीक्षेत आम्ही दोघं वरच्या नंबरात आलो आणि आम्हाला बज्मचं दार उघडलं. बज्म म्हणजे कॉलेजातल्या हुशार पोरांची सभा. तिथं शिरलं की आपण पोरं राहत नव्हतो, नवाब होत होतो. पुस्तकांची बंद कपाटं आमच्यासाठी उघडायची. ती एवढी उंच, की वरच्या फळीवरचं पुस्तक काढायला चढताना शिपाई फडक्यात भाकरी बांधून घ्यायचा. प्रिन्सिपालसाहेबांच्या बंगल्यावर चहाला बोलावणं यायचं. सोबत बिस्किट मिळायचं, ते इतकं पातळ की त्यातून साहेबांचा हसरा चेहरा आरपार दिसायचा. हैदराबादहून मोठमोठे विद्वान यायचे आणि आमच्याशी बरोबरीनं बोलायचे. वर्षातून एकदा मोटार लॉरीनं बीदरच्या किल्ल्याची सहल निघायची. त्या किल्ल्यात मी मराठीतून हाक दिली तर प्रतिध्वनी फारसीतून परत आला होता.

ही सगळी बज्म चालवायचे आमचे उर्दूचे मौलवीसाहेब. तसा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. आम्ही खेड्यातली पोरं, आमची उर्दू म्हणजे बाजारातली दखनी. शहरातली पोरं तोंडाला रुमाल लावून हसायची, पण मौलवीसाहेब कधी हसले नाहीत. एवढंच म्हणायचे, "बेटा, बात में नमक है. अब पकाना सीखो." आणि खरंच रोज संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर बसवून शिकवायचे, एक वाक्य दहादा घोटून घ्यायचे.

बज्मचा सगळ्यात मोठा दिवस म्हणजे सालाना मुबाहिसा, वर्षाचा वादविवादाचा फड. जो जिंकेल त्याची शिफारस हैदराबादच्या विद्यापीठाकडं जायची. पुढचं सगळं शिक्षण, राहणं, जेवण फुकट. मला ते पाहिजेच होतं, कुणाला नको असतं? पण खेळ्ळीवाल्याची गोष्ट वेगळी होती. त्याच्या अप्पांनी सांगून ठेवलं होतं, "ही परीक्षा झाली की गाठोडं बांधायचं न् दुकानावर यायचं. शिक्षण लई झालं." त्याला तर हैदराबादला जाऊन कायदा शिकायचा होता. शेवटी त्यानं अप्पांपुढं एक तोड मांडली होती. एकदा गुलबर्ग्याला या, भरल्या सभेत माझं बोलणं ऐका. ते ऐकूनही घरी चल म्हणालात तर एक शब्द न बोलता येतो. अप्पांनी कबूल केलं होतं. त्यांच्या घराण्यात दिलेला शब्द आणि दिलेलं माप मागं घेत नाहीत.

मुबाहिस्याच्या सकाळी मौलवीसाहेबांनी विषय सांगितला: दुनियेवर उपकार कुणाचे जास्त, लेखणीचे की तराजूचे? बज्मची रीत अशी, की बाजू आपण निवडायची नाही. मौलवीसाहेबांच्या टोपीत चिठ्ठ्या असायच्या, हात घालायचा, येईल ती बाजू संध्याकाळी लढवायची.

मी हात घातला. लेखणी.

खेळ्ळीवाल्यानं हात घातला आणि चिठ्ठी उघडली. चिठ्ठी बघून त्याच्या कपाळावरची विभूती सुद्धा पांढरी पडली, आता बोला! तराजू.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "बदल की बाबा. माझी तू घे, तुझी मला दे. तुझे अप्पा समोर बसणार, न् तू काय सांगणार? दुकान भारी, शिक्षण हलकं?"

तो म्हणाला, "रीत न्हाई तशी."

"मग जरा हळू बोल. अडखळ दोन जागी."

"म्हंजे हरू? हरलो तर शिफारस जाती."

"न् जिंकलास तर अप्पा म्हणतील, बरोबर बोललास लेकरा, चल दुकानावर!"

"व्हय," तो म्हणाला आणि खाली बसला. मग चिठ्ठीची घडी घालून उठला आणि म्हणाला, "टोपीतून आलं ते आलं. आता ती बाजू माझी झाली. तिला कमी मोजणार न्हाई." आणि दुपारभर पाठ करून माझ्याकडं, तोंड करून भिंतीकडं, पुटपुटत बसला.

दुपार कलल्यावर अप्पा आले. डोक्याला रुमाल, हातात काठी, काखेत शेंगाहोळग्यांचं, म्हणजे शेंगदाणे-गुळाच्या पोळ्यांचं गाठोडं. एवढा आडवा माणूस, की दारातून आत यायला दाराला जरा मागं सरकावं लागलं. मला बघताच, कानडीत धाकट्या भावाला हाक मारतात तसं म्हणाले, "तम्मा, तूच का हळ्ळीखेडचा? असा वाळून कामून गेलास? हे लोक जेवाय घालत न्हाईत काय?" आणि माझ्या हातावर दोन होळग्या ठेवल्या. पुढं सभेत पहिल्या रांगेत बसले, आणि शेजारी प्रिन्सिपालसाहेब आहेत हे ठाऊक नसल्यानं त्यांच्याही हातावर दोन ठेवल्या. साहेबांनी खाल्ल्या. परीक्षकाचं काम त्यांनी गुळाच्या हातानं केलं.

आधी मी बोललो. खोटं कशाला सांगू, मी चांगलंच बोललो. लेखणीनं राज्यं उभी केली, लेखणीनं पाडली, लेखणी नसती तर माणूस अजून झाडावर असता. सभागृहाचे खांब हलले म्हणतात. मला तरी हललेले दिसले. अप्पाही मान डोलवत होते. माझ्या मनात आलं, मी जिंकलो तर शिफारस मला, आणि अप्पांना शिक्षणाचं पटलं तर वाट दोस्ताला मोकळी. दोघांचंही भागतंय.

मग खेळ्ळीवाला उभा राहिला. पहिली दोन वाक्यं तो छताकडं बघत बोलला. मग त्यानं अप्पांकडं बघितलं आणि उजवा हात असा वर धरला, जणू त्यात खरंच तराजू आहे.

तो म्हणाला, "लेखणी ज्याच्या हातात, त्याचं ऐकते. एकाच शाईनं खरंही लिहिते आणि खोटंही. तराजूला हाताची ओळख नसते. समोर देशमुख असो की मोलकरी, पारडं तेवढंच खाली जातं. लेखणीचं खोटं शंभर वर्षं खपतं. तराजूचं खोटं संध्याकाळपर्यंत बाजाराला कळतं." मग त्यानं दुष्काळाच्या सालाची गोष्ट सांगितली. गावात एकाच दुकानात जवारी होती आणि दुकानदार रोज पहाटे देवाच्या आधी तराजूला हात जोडायचा, की आज माझा हात वाकडा होऊ देऊ नको. ज्याच्याकडं काही नव्हतं त्यालाही त्यानं मोजूनच दिलं, भीक म्हणून दिलं नाही. मोजून घेतलेल्या दाण्याला मान असतो.

उर्दू शुद्ध होती, पण खाली मन्नाएखेळ्ळीची माती होती. मौलवीसाहेबांचे डोळे भरले. आणि पहिल्या रांगेतून अप्पा उभे राहिले, काठी आपटून ओरडले, "व्हय! व्हय!" तो दुकानदार कोण हे मला तेव्हा कळलं.

खेळ्ळीवाला जिंकला. टाळ्या इतक्या झाल्या की बाहेरची कबुतरं आठवडाभर परत आली नाहीत.

पण अप्पांचा निकाल अजून बाकी होता. आम्ही तिघं बाहेर लिंबाखाली आलो. अप्पांनी डोक्याचा रुमाल सोडून तोंड पुसलं. मग म्हणाले, "आयुष्यभर गादीवर बसायलाव. तराजूबद्दल असं कुणी बोललं न्हाई. बरोबर बोललास, लेकरा."

खेळ्ळीवाल्यानं मान खाली घातली. "मग गाठोडं बांधतो, अप्पा."

"थांब. ही बाजू तू मागून घेतलीस?"

"न्हाई. चिठ्ठी आली."

"न् असं बोललं तर मी घरी नेईन, हे ठावं होतं?"

"होतं."

"मग कमी कामून न्हाई मोजलंस?"

मीच मध्ये पडून म्हणालो, "मी सांगितलं होतं अप्पा, हळू बोल म्हणून. ऐकंना."

अप्पांनी काठी जमिनीत रोवली. "मी माझाच माल विकलो जन्मभर. हा दुसऱ्याचा माल, वर स्वतःचं नुकसान, तरी भरून मापला. असा वकील मन्नाएखेळ्ळीच्या सडकेवर बसवून काय करू? तिथं याला गिऱ्हाईक न्हाई. जा हैदराबादला."

खेळ्ळीवाला असा रडला की लिंबाला त्या साली पाणी घालावं लागलं नाही. नंतर माझी पाळी आली. अप्पा वळून म्हणाले, "तम्मा, तू पण बरं बोललास. पण तुझ्या मालात भुस्सा जरा जास्त. दुकानाला तर हात पाहिजेच हाय. उन्हाळाभर येतोस?"

अशा रीतीनं लेखणीचा वकील त्या उन्हाळ्यात मन्नाएखेळ्ळीला तराजू धरून बसला. पहाटे अप्पा खरंच हात जोडायचे, मलाही जोडायला लावायचे. आल्यागेल्या गिऱ्हाईकाला माझी ओळख करून द्यायचे: "हा आमच्या पोराशी बोलण्यात हरला, पण थोडक्यात." होळीनंतर मी थोडक्यात हरलो होतो, पाडव्याला अगदी केसाएवढा फरक उरला. आणि मिरगाची पेरणी जवळ आली तेव्हा अप्पा एका तुरीच्या व्यापाऱ्याला सांगत होते, की खरं बघता हळ्ळीखेडवालाच जिंकला होता, साहेबाचं बोट गुळानं चिकट होऊन त्यांच्या पोराच्या नावालाच चिकटलं, ते माझ्या नावापर्यंत सरकलंच नाही.