अण्णांची मूठ

अण्णा चिडले की आधी कीबोर्ड मरायचा. बेंगळुरूत व्हाइटफील्डच्या आमच्या ऑफिसात त्यांच्या टेबलाला मुठीनं पडलेली भेग होती. अण्णा निपाणीचे, मराठी आणि कन्नड दोन्हींत सारख्याच सफाईनं शिव्या द्यायचे.

एकदा माझीच कॉलर धरली. आमची टॅक्सी कंपनी. ड्रायव्हरचा फोन आमच्या सर्व्हरकडे वेबसाइटचं पान मागतो तेव्हा सोबत सांगतो, कन्नड द्या, नसेल तर इंग्रजी. ते ऐकून सर्व्हरनं त्या भाषेतली प्रत पाठवायची. मी सरसकट इंग्रजीच पाठवत होतो. म्हटलं, इंग्रजी सगळ्यांनाच कळतं. "तो मागतोय काय, तू वाढतोयस काय? पंक्तीत असं केलंस तर मार खाशील की," अण्णा मला भिंतीला दाबत म्हणाले.

नवं पान सुरू झालं की पहिल्यांदा अण्णांनीच ते आपल्या फोनवर उघडायचं, नारळ फोडल्यासारखं. फोन मराठीत. सीमेकडच्या ड्रायव्हरांसाठी मराठी प्रतही त्यांच्याच हट्टानं झाली होती.

भाड्याच्या नव्या नियमांचं पान आलं तेव्हा घात झाला. सर्व्हरवरचा भार हलका करायला मधे एक साठवण होती. एकदा गेलेली प्रत ती ठेवून घेई आणि पुढच्यांना तीच देई. भाषेगणिक वेगळी प्रत ठेव, हे तिला सांगावं लागतं. अण्णा ते विसरले आणि नारळ फोडून मोकळे झाले. साठवणीत त्यांचीच मराठी प्रत बसली. मग कुणी काहीही मागो, बेंगळुरूभर मराठीच गेलं.

भाड्यावरून आधीच पेटलेले ड्रायव्हर दुपारी फाटकावर आले. काचा फुटल्या, वॉचमनचं डोकं फुटलं. पोलीस येईपर्यंत कुणी खाली जायचं नाही, असं मॅनेजरनं बजावलं. मी अण्णांचा दंड धरला.

"सोड. मागितलं कन्नड, दिलं मराठी. त्यांच्या जागी मी दगडच घातला असता की."

खाली जाऊन ते हात जोडून म्हणत राहिले, "तप्पु नंदे." चूक माझीच. एकानं चाकाचा पाना उगारला. डोक्यावरचा घाव अण्णांनी उजव्या हातावर घेतला. आता अण्णा पेटणार, असं मला वाटलं. ते गुडघ्यांवर बसले आणि पुन्हा तेच म्हणाले. दुसरा घाव आला नाही. पाना मारणाऱ्यानंच त्यांना आपल्या टॅक्सीतून दवाखान्यात नेलं.

त्या हाताची मूठ पुन्हा वळली नाही. नोकरी सोडून निपाणीला परत जाताना स्टँडवर मी हात पुढे केला, त्यांनी डावा दिला.

"नारळ आता तू फोड. आधी साठवणीला सांग."

त्यांच्याशिवाय ऑफिस फार शांत झालं आणि ती शांतता मला सोसत नाही. मध्यंतरी नवी टेबलं आली. भेगेचं टेबल भंगारात काढा, असं मॅनेजर म्हणाला, आणि मी त्याची कॉलर धरली.